पाकीट उघडा : थकलेले गृहकर्ज आणि जप्तीची नोटीस



गेल्या वर्षी शाळा सुरू होऊन आठवडाच झाला होता. सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत इंग्रजीच्या बाईंकडे आला आणि दप्तरातून एक लांबट पाकीट काढून म्हणाला, "बाई, आजोबांनी ह्यात काय लिहिलंय ते विचारून ये म्हणून सांगितलंय." पाकीट पोस्टमनने सही घेऊन दिलेले होते. फोडून, पुन्हा घडी घालून, जपून ठेवलेले. आत साडेतीन पाने दाट इंग्रजी मजकूर. बाईंनी पहिला परिच्छेद वाचला, मुलाला डबा खायला पाठवले आणि कागद घेऊन त्या तडक स्टाफरूममध्ये आल्या. ती घराच्या कर्जाची नोटीस होती. बँकेने साठ दिवसांची मुदत दिली होती आणि वरची तारीख पाहिली तर त्यांतले एक्केचाळीस दिवस देवघराच्या फळीवर, पंचांगाखाली निघून गेले होते.

त्या घरची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत. आजोबा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतून निवृत्त झालेले. वडील मशिनवर काम करीत होते, हाताला दुखापत झाली आणि काम सुटले. आई घरी शिवणकाम करते. दरमहा नक्की हातात पडणारे पैसे दोनच : आजोबांचे तुटपुंजे पेन्शन आणि गृहलक्ष्मीचे दोन हजार. घर मात्र बँकेकडे गहाण आणि हप्ता नऊ हजारांच्या घरात. त्या कुटुंबाबरोबर आम्हां शिक्षकांनाही या विषयाचे धडे गिरवावे लागले. त्यानंतर आणखी दोन पालक अशीच पाकिटे घेऊन आले. म्हणून या अंकात हा लेख. टिळकवाडीत काय किंवा वडगाव-खासबागेत काय, कर्जाची गोष्ट चारचौघांत कोणी काढत नाही. एकदा छापून आली तर बोलणे थोडे सोपे जाईल, असे वाटते.

दिवस मोजून घर जाते

पहिली गोष्ट ही, की घर एका रात्रीत जात नाही. ठरलेल्या पायऱ्यांनी जाते आणि प्रत्येक पायरीला दिवसांचा हिशेब आहे. हा हिशेब माहीत असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांच्या नशिबात फार फरक पडतो.

हप्ता चुकला की बँक दिवस मोजू लागते. ३० दिवस, ६० दिवस, ९० दिवस असे तीन टप्पे असतात. नव्वद दिवस उलटले की ते खाते अनुत्पादक ठरते. बँकेचा कारकून त्याला 'एनपीए झाले' म्हणतो. पालकांच्या सहसा लक्षात येत नाही ती बाब अशी, की हे दिवस सर्वांत जुन्या थकलेल्या हप्त्यापासून मोजतात. समजा दोन हप्ते थकले आहेत आणि तिसऱ्या महिन्यात तुम्ही एक हप्ता भरला, तर तो जुन्यात जुन्या बाकीत जमा होतो आणि दिवसांची मोजणी मागे येते. म्हणजे सगळी बाकी फिटली नाही, तरी दरमहा एक हप्ता जात राहिला तर खाते नव्वदच्या अलीकडे थांबवता येते. नव्वदी ओलांडली की ही सवलत संपते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे, की एकदा अनुत्पादक ठरलेले खाते पूर्ववत व्हायचे तर मागची सगळी थकबाकी भरावी लागते, थोडेथोडके भरून भागत नाही. तेव्हा धावपळ करायची ती तिसरा हप्ता चुकण्याआधी. पण प्रत्यक्षात आपण नेमके तेव्हाच गप्प बसतो. "पुढच्या महिन्यात बघू" हे वाक्य आम्ही तिन्ही घरांतून ऐकले.

यानंतर येतो २००२ चा कायदा. त्याचे नाव लांबलचक आहे, बोलताना त्याला 'सरफेसी' म्हणतात. पूर्वी गहाण घर विकायचे तर बँकेला दिवाणी कोर्टात दावा लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. या कायद्याने कोर्टाची परवानगी न घेता ताबा घेण्याचा व लिलाव करण्याचा अधिकार बँकेला दिला. त्याविरुद्धचा मोठा खटला सुप्रीम कोर्टात गेला. २००४ च्या निकालात कोर्टाने कायदा कायम ठेवला, पण दाद मागण्याआधी कर्जदाराने मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरावी ही अट काढून टाकली.

सहकारी बँकेला हा कायदा लागू नाही, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. ती समजूत आता सोडून द्यावी. निपाणीपासून जवळच असलेल्या, कागल तालुक्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ५ मे २०२० रोजी निकाल दिला, की सहकारी बँकाही या कायद्याने वसुली करू शकतात. पतसंस्था व क्रेडिट सोसायट्या मात्र बँका नव्हेत. त्यांना सहकार खात्याच्या मार्गाने, निबंधकापुढे दावा लावून जावे लागते. आपले कर्ज नेमके कोणाचे आहे, बँकेचे, गृहकर्ज कंपनीचे की सोसायटीचे, हे कागद काढून पाहणे हे म्हणून पहिले काम. पिग्मीवाला रोज येतो म्हणून ती बँकच असेल असे नाही.

सरफेसीची पहिली नोटीस म्हणजे कलम १३ पोटकलम २ ची. आमच्या विद्यार्थ्याच्या दप्तरात होती ती हीच. एकूण येणे किती ते सांगून साठ दिवसांत भरा, असे ती म्हणते. ही नोटीस म्हणजे घर खाली करण्याचा हुकूम नव्हे, आणि दुर्लक्ष करण्याजोगा कागदही नव्हे. या साठ दिवसांत कर्जदार लेखी हरकत किंवा निवेदन देऊ शकतो आणि ते मान्य नसेल तर बँकेने पंधरा दिवसांत कारणांसह लेखी उत्तर दिले पाहिजे. तोंडी बोलणे इथे उपयोगाचे नाही. मॅनेजरसाहेब फार सज्जन असतील, पण त्यांची बदली होते. अर्जावर मात्र आवक शिक्का राहतो.

ही नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

साठ दिवस गेले की बँक ताबा घेऊ शकते. बहुतेक वेळा तो आधी कागदावरचा ताबा असतो. दारावर नोटीस चिकटवतात, सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यांतले एक स्थानिक भाषेतले. आपल्या भागात ते मराठी असेल किंवा कन्नड, सांगता येत नाही. दारावर कागद लागला की घरातली माणसे खचतात, शेजारी जमतात. पण त्या दिवशी कोणाला घराबाहेर पडावे लागत नाही. प्रत्यक्ष ताबा घेण्यासाठी बँक डीसींकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, कलम १४ खाली अर्ज करते आणि त्यांच्या आदेशाने पोलीस बंदोबस्तात कुलूप लावले जाते. डीसी तिथे तुमची बाजू ऐकून न्यायनिवाडा करीत नाहीत, कागद नियमाप्रमाणे आहेत की नाहीत एवढेच पाहतात.

न्यायनिवाडा होतो तो कर्जवसुली न्यायाधिकरणात. बँकेने ताब्याचे पाऊल उचलल्यापासून ४५ दिवसांच्या आत तिथे अर्ज करावा लागतो. आपल्यासाठी हे न्यायाधिकरण बेंगळूरला आहे, इथून पाचशे किलोमीटरवर. बेळगावच्या दिवाणी कोर्टात या बाबतीत दाद मिळत नाही, कायद्यानेच ती वाट बंद केली आहे. सुवर्णसौध आपल्या उशाला बांधला, पण या कामासाठी रात्रीची गाडीच धरावी लागते! असो.

लिलावाआधी मूल्यमापन करून घेणे बँकेवर बंधनकारक आहे आणि पहिल्या लिलावासाठी तीस दिवसांची नोटीस लागते. इथे २०१६ साली कायद्यात एक महत्त्वाचा बदल झाला. पूर्वी विक्री पुरी होईपर्यंत सगळे पैसे भरून घर सोडवता येई. आता तो हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. सुप्रीम कोर्टाने २१ सप्टेंबर २०२३ च्या निकालात हे पक्के केले. लिलावाच्या आदल्या दिवशी पाहुण्यांकडून पैसे गोळा करून धावत जाणाऱ्या माणसाच्या हाती म्हणून काही लागेलच असे नाही. लिलावात आलेल्या रकमेतून कर्ज व खर्च वजा जाता उरलेले पैसे कर्जदाराचे असतात. रक्कम कमी पडली तर उरलेले कर्ज मात्र डोक्यावर राहते.

थोडे अपवाद सांगून पुढे जातो. शेतजमीन या कायद्याखाली येत नाही. एक लाखाच्या आतले कर्जही नाही. मुद्दल व व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या २० टक्क्यांहून कमी बाकी उरली असेल, तरी हा कायदा वापरता येत नाही. पंधरा-सोळा वर्षे हप्ते भरून शेवटी अडकलेल्या पालकांनी हे जरूर तपासावे.

दहा लाखांचे गणित

आठवीच्या पुढच्या विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत करून पाहावे. दहा लाख रुपये कर्ज, दर ९ टक्के, मुदत २० वर्षे. हप्ता येतो सुमारे ८,९९७ रुपये. पहिल्या महिन्याचे व्याजच ७,५०० रुपये होते, म्हणजे पहिल्या हप्त्यातून मुद्दल फिटते ते फक्त १,४९७ रुपये. पाच वर्षे नियमित भरल्यावर आपण एकूण सुमारे ५,४०,००० रुपये दिलेले असतात आणि मुद्दल उरलेले असते सुमारे ८,८७,०००. आजोबांचा विश्वासच बसेना. "अर्धं कर्ज फिटलं असणार की ओ सर," असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

आता हप्ता कमी करून मिळावा म्हणून बँकेकडे अर्ज केला आणि उरलेली पंधरा वर्षे वाढवून पुन्हा वीस करून घेतली, तर हप्ता होतो सुमारे ७,९८० रुपये. दरमहा हजार रुपयांचीच सूट! ज्याचे उत्पन्न थोडे घटले आहे, त्याला ही सूट तारू शकते. ज्याच्या घरात पेन्शन व सरकारी अनुदानाखेरीज काही येत नाही, त्याला नाही. त्या ८,८७,००० रुपयांचे एका महिन्याचे नुसते व्याज ६,६५० च्या आसपास होते. आणि आपल्याकडच्या मदतीचे आकडे पाहा. खासगी कारखान्यांतल्या कामगारांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत किमान पेन्शन २०१४ साली ठरले ते १,००० रुपये. गृहलक्ष्मी ३० ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाली ती २,००० रुपयांची. मदत चांगलीच आहे, चूल पेटती राहते. पण ती चुलीसाठी आहे, हप्त्यासाठी नव्हे.

इंग्लंडमध्ये सरकारी भत्त्यावर जगणाऱ्या घरमालकाला गहाणकर्जाचे व्याज भरण्यापुरती सरकारकडून वेगळी मदत मिळते. पूर्वी ती अनुदान होती, एप्रिल २०१८ पासून तीही कर्जाऊ झाली आहे आणि घर विकताना परत करावी लागते. हप्ते आवाक्यात येण्याजोगे असतील तर तिथले कोर्ट ताबा लांबणीवरही टाकू शकते. आपल्याकडे अशी कायमची सोय नाही. कोरोनाच्या काळात मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते थांबवण्याची मुभा होती, ती तेवढीच. तेव्हाही व्याज चालूच होते आणि ते नंतर मुद्दलात आले.

म्हणून आमचे मत स्पष्ट सांगतो. पटले नाही तर सोडून द्यावे. ज्या घरात पुन्हा कमाई सुरू होण्याची खरी आशा आहे, म्हणजे आजारपण बरे होणार आहे, मुलगा नोकरीला लागणार आहे, त्यांनी मुदत वाढवून मागावी, काही महिन्यांची सवलत मागावी, दर महिन्याला एक तरी हप्ता जाईल असे पाहावे. ज्या घरात ती आशा नाही, त्यांनी बँकेची लेखी संमती घेऊन घर स्वतः विकावे. आपल्या हातांनी विकलेले घर आणि लिलावात गेलेले घर यांच्या किमतीत फरक पडतो, कारण लिलावात घेणारा माणूस सौदा म्हणूनच येतो. आणि वडिलोपार्जित दागिने मोडून, मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडून चार हप्ते भरायचे आणि पाचव्याला पुन्हा तिथेच यायचे, हा मार्ग आम्ही एका घरात पाहिला. तो सर्वांत महाग पडला.

पैसा, कागद आणि जामीनदार

अनुदानाचे पैसे ज्या खात्यात येतात त्याच खात्यातून हप्ता आपोआप वळता होत असेल, तर महिन्याच्या सुरुवातीला रेशनचे पैसे हप्त्यात जातात आणि हप्ता तरीही अपुरा राहतो. शिवाय हप्ता परत गेल्याचा दंड वेगळा. अनुदानासाठी वेगळे खाते आधारशी जोडून घेणे, हा साधा उपाय आहे. बँकेला मात्र आधी अर्ज देऊन कल्पना द्यावी, कारण खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत जाणे हा चेक न वटण्यासारखाच गुन्हा २००७ च्या कायद्याने ठरला आहे. जप्तीपुरते बोलायचे तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पेन्शन व ग्रॅच्युइटी यांवर कोर्टाची जप्ती येत नाही. वसुलीचा माणूस "तुमचे पेन्शन बंद करतो" म्हणाला, तर त्याचे बोलणे तिथेच थांबवावे.

वसुलीच्या माणसांबद्दल आणखी थोडे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सांगितले आहे, की थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातच्या नंतर फोन करू नये, कर्जदाराला व त्याच्या घरच्यांना धमकावू नये, चारचौघांत अपमान करू नये. गेल्या वर्षी असाच एक फोन आमच्या शाळेच्या कार्यालयात आला होता. अमुक आडनावाचा मुलगा तुमच्याकडे शिकतो का, कुठे राहतो, किती वाजता सुटतो, अशी चौकशी. शिपाईमामांनी "साहेबांना लेखी विचारा" म्हणून फोन ठेवला. विद्यार्थ्याची कोणतीही माहिती अशा कोणाला दिली जाणार नाही, हे पालकांनी निश्चित समजावे. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यातून कर्ज थकले म्हणून घराला सील ठोकल्याच्या बातम्या आल्या आणि पुढच्याच महिन्यात राज्य सरकारने छोट्या कर्जांच्या सक्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला. तो मुख्यतः नोंदणी नसलेल्या सावकारी संस्थांसाठी आहे. बँकेचे गृहकर्ज त्याने माफ होईल या भरवशावर कोणी राहू नये.

बँकेकडून मागून घ्यायचा महत्त्वाचा कागद म्हणजे कर्जखात्याचा पूर्ण उतारा. कोणत्या तारखेला किती भरले, व्याज किती, दंड किती, हे त्यात दिसते. २०२४ पासून दंडाची रक्कम व्याजदरात मिसळून लावता येत नाही, ती वेगळा आकार म्हणून दाखवावी लागते आणि तिच्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. हिशेब मागायला आपण लाजतो, पण हा हक्क आपल्या वाडवडिलांनी मोठी किंमत मोजून मिळवला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली ती गहाणखतांसाठीच. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि सावकाराने पावती द्यावी, हिशेब द्यावा, कोर्टाने हप्ते बांधून द्यावेत, अशा गोष्टी त्यात आल्या. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन ओळींत उरकते. नववीच्या मुलांनी आजीआजोबांना विचारून पाहावे, गहाणखताच्या गोष्टी घरोघरी सापडतील.

दुसरा कागद म्हणजे विमा. गृहकर्ज देताना पुष्कळदा कर्जाएवढा विमा उतरवलेला असतो, त्याचा हप्ता कर्जातच मिळवलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. कर्ता माणूस गेला किंवा कायमचा अपंग झाला, तर आधी हे पाहावे. आमच्याकडे आलेल्या तीन घरांपैकी एका घरात वडील वारल्यावर आई सात महिने शिलाई करून हप्ते भरत होती आणि पॉलिसी बँकेच्या फाइलमध्ये पडून होती. एका अर्जाने ती मंजूर झाली. ते घर वाचले.

जामीनदारांसाठी एक वाक्य पुरे : १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आपल्या शाळेतले शिक्षक आणि काही विश्वस्तही पालकांना जामीन राहिलेले आहेत. नोटीस त्यांनाही जाते. तेव्हा कर्ज थकत असेल तर जामीनदाराला तोंड चुकवू नये, त्याला आधी सांगावे.

वकिलाची फी परवडत नसेल तर बेळगावच्या कोर्टाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक व अपंग यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. कर्ज आईच्या नावावरही असेल, तर अर्ज आईने करावा. १५१०० हा त्यांचा फोन क्रमांक. लोकअदालतीत बँका तडजोडीला बऱ्याचदा तयार होतात, एकरकमी भरल्यास काही रक्कम सोडतात. पण तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही. तोंडातून निघालेली रक्कम भरता येणार असेल तरच सही करावी.

भाषेचा प्रश्न आपल्याला नवा नाही. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बँकेची नोटीस इंग्रजीत. सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडताना राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अर्ज देण्याचा हक्क घटनेच्या कलम ३५० ने दिला आहे, त्यामुळे डीसी कचेरीत मराठी अर्ज द्यायला संकोच नको. बँकेला मात्र इंग्रजीत लिहिलेले बरे, उत्तर लवकर येते. त्यासाठी दर शनिवारी शाळा सुटल्यावर आमच्यातले दोघे वाचनालयात बसतात. अर्ज लिहून देतात. कायद्याचा सल्ला देत नाहीत, तो वकिलांकडूनच घ्यावा. विश्वस्तांना आमची विनंती एवढीच, की साठ दिवसांच्या नोटिशीत असलेल्या घराची फी त्या काळात मागू नये, पुढे बांधून घ्यावी. पैशांची मदत आम्ही मागत नाही.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण घरातले दुभाषे आहात, हे आम्हांला ठाऊक आहे. मीटरचे बिल, रेशनचा मेसेज, बँकेचे पत्र तुम्हीच वाचून दाखवता. एखाद्या पत्रातले शब्द कळले नाहीत किंवा कळून भीती वाटली, तर ते दडवू नका, परीक्षेपर्यंत थांबू नका आणि घरी वाईट वाटेल म्हणून अर्थ बदलूनही सांगू नका. त्या सातवीतल्या मुलाने पहिल्या दिवशीच ते पत्र वाचले होते. 'ताबा' या अर्थाचा शब्द त्याने डिक्शनरीत शोधला होता, पण "बँकेचं नेहमीचं पत्र आहे" असे सांगून मोकळा झाला होता. ही गोष्ट त्याने आम्हांला फार नंतर सांगितली. एक्केचाळीस दिवसांचे कोडे तेव्हा उलगडले. आम्ही त्याला रागावलो नाही. बारा वर्षांच्या मुलाने आणखी काय करायला हवे होते?

त्या घराचे पुढे काय झाले, ते विचारले जाईलच. उरलेल्या एकोणीस दिवसांत इंग्रजीत निवेदन गेले, त्यावर आवक शिक्का घेतला. बँकेने मुदत वाढवायला नकार दिला, पण घर स्वतः विकण्यास लेखी संमती दिली. गिऱ्हाईक मिळायला चार महिने लागले. मधल्या काळात दारावर कागद लागला. आजोबा त्या आठवड्यात देवळातसुद्धा गेले नाहीत. विक्रीची रक्कम खरेदीदाराने थेट कर्जखात्यात भरली आणि उरलेल्या पैशांतून अनगोळच्या बाजूला दोन खोल्यांचे घर झाले. अंगणातले पेरूचे झाड गेले याची हळहळ मुलाला अजून आहे. कर्ज फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०२३ चा नियम आहे. तो आजोबांनी कोठून तरी ऐकला होता, आणि बँकेत जाऊन त्यांनीच तो मॅनेजरांना ऐकवला. कागद बाविसाव्या दिवशी मिळाले.

मुलगा आता आठवीत आहे. पत्ता बदलण्याचा अर्ज त्याने स्वतःच लिहून आणला. ज्या पालकांनी घर बदलले आहे त्यांनी नवा पत्ता व फोन क्रमांक कार्यालयात द्यावा, म्हणजे प्रगतिपुस्तक व सूचना वेळेवर पोहोचतील. त्यासाठी साधा अर्ज पुरतो, भाडेपत्र किंवा घराचा उतारा मागितला जाणार नाही.